चेपलेली पुंगळी

दादा, पडघ्याचा रायफल क्लब गुरुवारी बंद असतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? वीस वर्षं तिथे जात होतास. मग त्या गुरुवारी भर उन्हात पडघ्याची बस धरून तू कशाला निघाला होतास, हे घरात कुणालाच कळलं नाही. मयूरीला वाटलं, बाबा विसरले असतील. शेजारचे म्हणाले, मरण ओढून नेतं माणसाला. मीही मान हलवली. मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

पडघ्याच्या स्टॉपवरच्या चहावाल्याने नंतर मयूरीला सांगितलं. "चाचा बाकडे पे बैठे थे. पानी माँगा. मैं बोला, रिक्षा बुलाऊँ? तो बोले, नहीं, दो मिनट, मेरा काम है ऊपर. फिर गर्दन ऐसे झुक गई." आम्ही तिघं त्याच्या टपरीपुढे उभे होतो, मी, मयूरी आणि शेजारचा रिक्षावाला. मयूरी रडायला लागली. मी नाही रडले. काम काय होतं याचंच कोडं मी सोडवत बसले. माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीने असले हिशेब करू नयेत, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. ताग्यात एक धागा उसवलेला दिसला की तो कुठून सुरू झाला ते बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

धागा सापडला नवव्या दिवशी. दवाखान्यातून तुझ्या कपड्यांची पिशवी आली होती, ती कुणी उघडलीच नव्हती. दाराआड खुंटीला तशीच लटकत होती. दहाव्याला घर आवरायचं म्हणून मी ती घेतली. शर्टाच्या खिशात चष्मा, बसचं तिकीट आणि एक रिकामी पुंगळी. पितळेची, स्वच्छ, माझ्याच हातची घासलेली. तिची मान पकडीने चेपलेली होती. मी ती उलटी केली. बुडाच्या कडेला, खाचेत, मोहरीच्या दाण्याहून बारीक असा लाल नेलपॉलिशचा कण अडकला होता.

हे वाचणाऱ्याला काही कळायचं नाही, म्हणून सगळं नीट सांगते. तुला सांगायचं राहिलं ते यातच येईल.

रायफलीतून गोळी सुटली की पितळेची पुंगळी मागे उरते. ती फेकून देत नाहीत. क्लबच्या परवान्यावर, क्लबच्याच खोलीत बसून तीत बंदुकीची दारू आणि नवी गोळी पुन्हा भरतात, आणि आपल्या क्लबात ते काम तुझं होतं. पण भरण्याआधी पुंगळ्या निवडाव्या लागतात. एका जातीच्या, एका वजनाच्या, सारख्याच वेळा उडवलेल्या अशा एकत्र ठेवायच्या. दोन पुंगळ्यांत उन्नीस-बीस फरक असला, तरी तीनशे मीटरवर गोळी वर-खाली जाते. वहीत सही करून तू रिकाम्या पुंगळ्या आपल्या शेलार गावातल्या घरी आणायचास, आणि ओटीवर आपण दोघं निवडत बसायचो. भरलेलं काडतूस कधी घरात आलं नाही. गावाला हे कळायला वर्षं गेली. "तुझा भाऊ दारू मोजत असतो म्हणं," असं एका बाईने मला पाणवठ्यावर विचारलं होतं. तू आठवडाभर हसत होतास.

मला या कामाला तू लावलंस. लूमचं कापड तपासून घड्या घालायचं माझं फोल्डिंगचं खातं बंद पडलं तेव्हाची गोष्ट. वीस वर्षं मी ताग्यांवरून हात फिरवला होता, गाठ कुठे, तुटका धागा कुठे, डोळे मिटून सांगायचे. मग एके दिवशी शेठने शेड गोदामवाल्याला दिली आणि मी घरी बसले. सकाळी उठून करायचं काय, असं झालं होतं. वहिनी गेल्यापासून मयूरीचं सगळं मी बघत होते, पण तीही मोठी झाली होती. तेव्हा तू माझ्यापुढे परातीत पुंगळ्या ओतल्यास आणि म्हणालास, "शालू, डोले मीट. यातली येगली कंची हाय सांग." मी बोटं फिरवली आणि तीन काढून दिल्या. त्या तिन्ही दुसऱ्या कारखान्याच्या निघाल्या. तू उठून उभा राहिलास. त्या रविवारी क्लबात सगळ्यांना सांगत सुटलास, की आमच्या घरात काटा हाय, त्याला बॅटरी लागत न्हाय. दादा, त्या वाक्यावर मी पुढची सहा वर्षं जगले. हे तुला कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

म्हणून तर डोक्यात हवा गेली.

भांडण आपलं एकच होतं, आणि ते सहा वर्षं पुरलं. तुझा विश्वास काट्यावर आणि माझा हातावर. तू एकेक पुंगळी त्या काचेच्या डब्यातल्या काट्यावर ठेवायचास, पंखा बंद, खिडकी बंद, मला श्वास घ्यायची चोरी. मी म्हणायचे, वजन सारखं असलं म्हणून पोट सारखं असेल कशावरून? एखादी बुडाशी जाड आणि मानेशी बारीक, तरी काटा तोच आकडा दाखवील. तू म्हणायचास, "हात आज गरम, उद्या गार. काटा रोज त्योच." मी म्हणायचे, काट्याला काय कळतंय. तू म्हणायचास, त्याला गर्व तरी न्हाय. हे शेवटचं तू हसत म्हणायचास, म्हणून मीही हसून सोडून द्यायचे. तेव्हा मनाला लावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आता माझी चूक.

चैत्रात गावदेवीच्या पालखीच्या आदल्या दिवशी मी देव्हाऱ्यातलं पितळ काढलं होतं. समई, ताम्हण, घंटा, आईचा मोठा कलश. घमेल्यात गरम पाणी, चिंच, मीठ. तुझ्या पुंगळ्या धुवायच्याच होत्या. मयूरीच्या नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धेसाठी ठेवलेल्या साठ तू तारेने तपासून, निवडून डब्यात ठेवल्या होत्यास. आणि शोकेसमधल्या बरणीत वीस म्हाताऱ्या होत्या. आपण त्यांना म्हाताऱ्याच म्हणायचो. पितळ दर बाराला थोडं ताणलं जातं, बुडाच्या जरा वर आतून झिजत जातं, आणि मग एक दिवस पुंगळी तिथेच फाटते. ती फाटली की तापलेला जाळ मागे येतो, आणि नेम धरणारीचा गाल तिथून चार बोटांवर असतो. म्हणून ठरलेले बार झाले की तू पुंगळीच्या बुडाला मयूरीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचास आणि बरणीत टाकायचास. मग सवडीने एकेकीच्या पोटात वाकड्या टोकाची तार घालून, आत चर पडलाय का, ते बोटाने जोखायचास. तार अडली की पकडीने तिची मान चेपायची, म्हणजे पुन्हा कुणी चुकून भरू नये. आणि चेपताना दर वेळी म्हणायचास, "दमलीस. बस आता." लग्नातल्या पाहुणीला पाट द्यावा तसं. न तपासता मात्र कुणाला चेपायचं नाही. बघितल्याबिगर कुणाला म्हातारं बोलू नये, हा तुझा नेम.

त्या वीस काळ्या पडल्या होत्या. पालखीला पाहुणे येणार, शोकेसमध्ये ते कसं दिसेल, असं मला वाटलं. मी साठ आणि वीस, दोन्ही एकाच घमेल्यात ओतल्या. लाल ठिपका आहे की, मिसळल्या तरी काय बिघडतं. तासाभराने काथ्या घेऊन घासायला बसले. समई लखलखली, घंटा लखलखली, पुंगळ्याही लखलखल्या. आणि गरम चिंचेच्या पाण्याने आणि माझ्या काथ्याने ठिपके सुटून घमेल्याच्या तळाशी लाल कोंड्यासारखे बसले होते.

तू गावदेवीच्या मांडवात होतास. बुडं उन्हात धरून बघत मी अकरा म्हाताऱ्या शोधल्या, त्यांच्यावर खूण उरली होती. राहिल्या नऊ. तिथे मी थांबायला हवं होतं. तुला हाक मारायला हवी होती. पण मनात आलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. डोळे मिटले, बोटं फिरवली आणि नऊ काढल्या. वीस बरणीत, साठ डब्यात. मोजदाद बरोबर आली, म्हणून मी गप्प बसले.

तार घेऊन ऐंशीच्या ऐंशी पुन्हा तपासता आल्या असत्या. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण तार मागितली असती तर तू विचारलं असतंस का म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे आठवड्याने तू साठ काट्यावर घेतल्यास. सात बाजूला सारल्यास आणि कपाळाला आठी घालून म्हणालास, "शालू, या सात पयले वजनात बसत होत्या. आता कशा बसत न्हाय?" दादा, ती वेळ होती. तू रागावला नव्हतास. नुसतं विचारत होतास. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, तुझा काटा बिघडलाय. तू म्हणालास, काटा कालच तपासलाय. मी म्हणाले, मग डोळे तपास. तू म्हणालास, "तुझा हात म्हंजे काय देवाचा कौल हाय?" मग मी ते वीस वर्षांचं पुराण काढलं, की माझ्या हातून गेलेला एक तागा कधी परत आला नाही, आणि तू काल शिकलेला मला शिकवतोस. नाचता येईना अंगण वाकडं, असंही म्हणाले. मोठ्या भावाला म्हणाले, मयूरीसमोर. तू काटा झाकून ठेवलास आणि उठलास.

तिथून अबोला. आठ दिवस. ताट मी वाढायचे, तू जेवायचास, "भात" म्हणायचास, मी भात वाढायचे. मयूरी मधल्या मधे दोघांचे निरोप पोचवत होती. "आत्या, बाबा विचारतात मीठ कुठंय." "बाबांना सांग, मीठ जिथे वीस वर्षं आहे तिथेच आहे." आता आठवलं की हसू येतं. त्या आठ दिवसांत क्लबात जाऊन तू उरलेल्यांतून चाळीस काडतुसं भरलीस. मोजून दिलेले आठ दिवस होते, आणि ते आपण मिठावर घालवले.

त्या गुरुवारी सकाळी मी भाजीला बाजारात गेले होते. फोन वाजला. तुझं नाव दिसलं. मी म्हटलं, वाजू दे. घरी आल्यावर तोंडाने बोल, फोनवर माफी घेणार नाही मी. परत वाजला. मी मेथीची जुडी निवडत राहिले. घरी आले तर तू निघून गेला होतास. ओटीवर उरलेल्या तेरा पुंगळ्यांचा डबा उघडा होता, आणि शेजारी तार आणि पकड. मी झाकण लावलं, तार जागेवर ठेवली, आणि मनात म्हटलं, पसारा टाकून गेला. डब्यातल्या मी मोजल्या नाहीत. त्या बारा होत्या. तेरावी तुझ्या खिशात पडघ्याला चालली होती.

आता कळलं तुला, मला नवव्या दिवशी काय कळलं ते? तेरातल्या एकीच्या खाचेत तुला लाल कण दिसला. तू तार घातलीस, ती अडली. तू तिला चेपलीस. आणि मग तुझ्या डोक्यात आलं असेल, की ही यात होती, तर त्या चाळिसांत किती असतील? चाळीस तर भरून क्लबच्या कपाटात. तू मला दोनदा फोन केलास. शिव्या द्यायला केला असशील, विचारायला केला असशील, मला ठाऊक नाही, आणि आता कधी कळणारही नाही. मी उचलला नाही. सेक्रेटरीला गाठून क्लब उघडून घ्यावा म्हणून तू बस धरलीस. माझी चूक निस्तरायला तू उन्हात गेलास, दादा, आणि वाटेतच बसलास.

डॉक्टर म्हणाले, हे कधीही झालं असतं, घरी बसल्याजागी झालं असतं. मी ते स्वतःला रोज सांगते. दिवसा पटतं.

दहाव्याला सगळे नदीवर गेलो. पिंड ठेवला आणि हात जोडायच्या आत कावळा आला. एक नाही, तीन. लोक म्हणाले, सुखात गेला, कसली इच्छा राहिली नाही. भटजींनीही मान डोलावली. मी त्या कावळ्यांकडे बघत होते. म्हटलं, मेल्यांनो, तुम्हाला काय कळतं. दोन कावळे तर माझ्याकडेच बघताहेत असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं. मयूरीने माझा हात धरला आणि कानाशी म्हणाली, "आत्या, बाबांनी भरलेली चाळीस आहेत ना, त्यांनीच मी खेळणार आहे. दुसरी हातात पण नाही घेणार. त्यांचं शेवटचं काम आहे ते."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बारावं गेलं, तेरावं गेलं. स्पर्धा तेराव्यानंतरच्या रविवारी. मी रोज सकाळी ठरवायचे आज सांगीन, आणि रोज काही ना काही निघायचं. कोण भेटायला आलं, मयूरी सरावाला गेली, मयूरी झोपली. खरं हे, की मला भीती वाटत होती. ती मला म्हणाली असती की बाबा तुझ्यामुळे गेले, तर मी काय उत्तर देणार होते? मुलीसारखी वाढवलेली पोर. तिच्या तोंडून ते ऐकण्यापेक्षा, कदाचित त्या चाळिसांत एकही नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. नऊच तर होत्या. सात तू काट्यावर काढल्यास, एक खिशात गेली, उरली असली तर एक. असा हिशेब मी केला, देवापुढे बसून केला. त्या साती म्हाताऱ्याच होत्या, हे मी सोयीने धरून चालले होते.

बुधवारी संध्याकाळी मयूरी ओटीवर बसून मोकळ्या हाताने नेम धरण्याचा सराव करत होती. रायफल नाही, नुसती बसण्याची ढब. डावा हात पुढे, डोकं तिरकं, आणि गाल टेकलेला, जिथे लाकूड असतं तिथे. त्या गालावर लहानपणी गोवराचा डाग होता, मी रात्रंदिवस कडुलिंब लावला होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. चिंचेपासून मेथीच्या जुडीपर्यंत. चेपलेली पुंगळी तिच्या हातात ठेवली.

तिने ती उलटी करून बुडाची खाच बघितली. मग म्हणाली, "बाबांनी मला पण फोन केला होता त्या दिवशी. मी कॉलेजात होते. म्हणाले, कपाटातल्या चाळिसाला हात लावू नको, मी सांगतो संध्याकाळी. मला वाटलं, नेहमीसारखं सांगतायत, शिस्त-बिस्त."

"माझं नाव घेतलं?"

"नाही ग आत्या. तुझं नाव नाही घेतलं."

मग ती रडली, आणि मी पण, गेल्या चौदा दिवसांचं. तिने मला काही म्हटलं नाही असं नाही. "आधी बोलायचंस ना," म्हणाली. "मी आजच सरावाला त्यातली दोन घेणार होते. सर म्हणाले, ठेव, रविवारला राहू दे." मी कपाळाला हात लावला. तिने ते बघितलं आणि उठून पाणी आणलं. पण मांडीवर डोकं ठेवायला काही आली नाही, एरवी येते तशी. ते तिचं बरोबर आहे.

काल गुरुवार. क्लब बंद असतो. मयूरीने फोन केला आणि सेक्रेटरी सरांनी तो आमच्यासाठी उघडला. तुझ्या त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. तुझी खुर्ची, खुर्चीवर गादी, कधीकाळी आपल्या घरी लूम होता आणि तो विकला, त्याच्याच पट्ट्याची. सरांनी कपाट उघडून डबा काढला. डब्यावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी होती. तारीख, दारूचं माप, गोळीचं वजन, आणि खाली: निवड - शालू. दादा, अबोल्यात लिहिलंस ते. माझ्याशी बोलत नव्हतास आणि माझं नाव डब्यावर घालत होतास. माझ्यावर तुझा इतका विश्वास होता, की तोच मयूरीच्या गालाशी जाऊन बसला होता.

सरांनी हातोडीसारखं ते अवजार घेतलं. काडतूस त्यात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं, म्हणजे गोळी सुटून बाहेर येते. चाळीस वेळा ठक ठक झालं. तू दोन संध्याकाळ बसून भरलेलं सगळं दीड तासात मोकळं झालं. मयूरी दारूची वाटी धरून उभी होती. दर ठोक्याला मला वाटत होतं, मी तुला पुन्हा एकदा मारतेय. पण थांबा म्हणाले नाही.

मग तार. सरांनी पाच-सहा पुंगळ्यांत घालून बघितली आणि म्हणाले, "ताई, मला यातलं धड कळत न्हाय. त्याला कळायचं, न्हायतर तुमाला. तो बोलायचा, तार माझी पण बोट शालूचं पायजे."

तू असं बोलायचास?

मी तार हातात घेतली. सहा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या बोटांचा भरवसा वाटेना. मयूरीने शेजारी स्टूल ओढलं आणि बसली. मी पहिली पुंगळी घेतली. तार बुडापर्यंत नेली, मग सावकाश वर ओढली. गुळगुळीत. दुसरी गुळगुळीत. सातवीला तार अडली. चर होता, नखाला कळेल इतका. मयूरीने ती माझ्या हातून घेतली, तुझी पकड उचलली, मान चेपली आणि हळूच म्हणाली, "दमलीस. बस आता." तुझाच सूर. सरांनी तोंड फिरवलं. एकोणिसावीला पुन्हा अडली, आणि एकतिसावीला. तीन. चाळिसात तीन, दादा. त्यातली कुठली रविवारी फाटली असती, का एकही नाही, हे मला सांगता येणार नाही. ते न कळण्यासाठीच तू बस धरली होतीस.

अडतिसावीला मी थांबले. तार अडली नाही, पण धड सरकलीही नाही. मी पुन्हा घातली. फिरवून घातली. डोळे मिटले. एरवी मी म्हटलं असतं, चांगली आहे, किंवा बाद आहे, आणि तुझ्याशी पैज लावली असती. काल मी म्हणाले, "मला नाही कळत."

मयूरी माझ्याकडे बघत राहिली. मी असं काही बोलू शकते हे तिला नवीन होतं. मलाही.

"मग बाद कर," ती म्हणाली. शंका आली की बाद, हे तुझंच. मी त्यावर तुला किती चिडवायचे. अशाने सगळीच बाद होतील, म्हणायचे, माणसंसुद्धा.

शेवटी घरून आणलेल्या त्या सात आणि बाराही तपासल्या. सातांतल्या तीनच म्हाताऱ्या निघाल्या, बारांतली एकही नाही. म्हणजे बघ, चाळिसातल्या तीन, या तीन आणि तुझ्या खिशातली एक, माझ्या बोटांनी निवडलेल्या नवांत सात नक्की चुकलेल्या आणि आठवी शंकेची. काटा जिंकला. मी सेक्रेटरी सरांसमोर मोठ्याने म्हटलं तसं. त्यांना वाटलं, बाईला उन्हाचा त्रास झाला.

छत्तीस चांगल्या राहिल्या. स्पर्धेला तीस लागतात. तुझ्या चिठ्ठीवरून सर आज त्या नव्याने भरतायत, मयूरी शेजारी बसून काटा बघतेय. डब्यावर तिने नवी चिठ्ठी लावली. तुझं नाव लिहिलं, खाली माझं ठेवलं. मी म्हटलं, माझं काढ. ती म्हणाली, "नाही काढणार. परवा तू पण यायचंस. माझ्या मागे उभं राहायचंस, शेवटच्या गोळीपर्यंत." हे प्रेमाने म्हणाली का शिक्षा म्हणून, मला नीट कळलं नाही. दोन्ही असेल. जाणार आहे. छत्तीसच्या छत्तीस मी तीन-तीनदा तपासल्यात, तरी त्या तीस गोळ्या संपेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. आणि यापुढे राहूही नये.

एक सांगायचं राहिलं. ती अडतिसावी चेपायला मयूरीने पकड माझ्या हातात दिली. "ही तू कर." मी मान चेपली. दोघं थांबली, मी ते म्हणेन म्हणून. मी ते म्हणाले नाही. ते शब्द मी आधी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवे होते, आणि त्याच्याआधी ते पुंगळीवर खर्च करायचे नव्हते.

फोनमध्ये तुझे ते दोन कॉल अजून आहेत. सकाळी दहा बारा, आणि दहा चौदा. मी उत्तर देते आता. चाळीसच्या चाळीस काढली, दादा. तू ज्या कामाला निघाला होतास ते झालं, क्लब उघडून घेतला, पोरीच्या गालापासून तो जाळ लांब केला. चूक माझी होती, आणि काटा बरोबर होता. आता त्या बाकड्यावरून उठायची घाई करू नकोस.

दमलास. बस आता.